मत कमवावं लागलं तर?

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी बऱ्याच घरांत एक चर्चा हमखास रंगते. बोटावरची शाई नुकतीच वाळलेली असते, टीव्हीवर टक्केवारीचे आकडे सरकत असतात आणि चहाचा कप खाली ठेवत कुणीतरी म्हणतं, "खरं सांगू? सरसकट सगळ्यांना मत दिलं हेच चुकलं. जो टॅक्स भरतो त्यालाच मत हवं." दुसऱ्याचं म्हणणं, "निदान दहावी पास तरी असावा." एवढ्यात एखादे काका निर्णय देतात, "दोन वर्षं सगळ्यांना सैन्यात पाठवा. जो टिकून परत येईल त्यालाच मत द्या. मग बघा देश कसा सुधारतो!"

आणि कोपऱ्यात बसलेली आजी विचारते, "म्हणजे मला नाही का मत?"

सगळे हसतात. विषय बदलतो. पण तुम्ही कधी विचार केलाय का, काकांचं म्हणणं खरंच अमलात आलं तर काय होईल? एका लेखकाने तो विचार पासष्टहून अधिक वर्षांपूर्वी पूर्ण शेवटापर्यंत करून पाहिला. त्याने त्यावर अख्खी कादंबरी लिहिली, तिला विज्ञानसाहित्यातला मोठा पुरस्कार मिळाला आणि तिच्यावरून सुरू झालेलं भांडण आजही मिटलेलं नाही. आपल्या दिवाणखान्यातली चर्चा आणि ही कादंबरी यांचा विषय एकच आहे. म्हणून ती एकदा नीट समजून घेऊ.

दोन वर्षांची सेवा, मग मत

कादंबरीचं नाव 'स्टारशिप ट्रूपर्स'. लेखक अमेरिकेचे रॉबर्ट हाइनलाइन. ती १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६० मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. सैनिकांना केंद्रस्थानी ठेवणाऱ्या विज्ञानकथांचा जो स्वतंत्र प्रकार पुढे फोफावला, त्याची ही आद्य कादंबऱ्यांपैकी एक. अंगावर चिलखतासारखा यांत्रिक पोशाख चढवून उंच उड्या मारणारा, एकटा एका तुकडीला भारी पडणारा सैनिक आज सिनेमात आणि मुलांच्या व्हिडिओ गेममध्ये सर्रास दिसतो. त्याला लोकप्रिय केलं ते याच पुस्तकाने.

कथा भविष्यातली आहे. पृथ्वीवर एकच सरकार आहे. माणसं दूरच्या ग्रहांवर वस्ती करून राहतात आणि कोळ्यांसारख्या दिसणाऱ्या परग्रहवासीयांशी त्यांचं युद्ध पेटतं. पण वाचकाच्या लक्षात राहतं ते युद्धापेक्षा तिथलं सरकार. तिथे जन्माने कुणालाच मत मिळत नाही. ज्याला मत हवं त्याने स्वखुशीने कमीत कमी दोन वर्षं सरकारी सेवा करायची. सेवा सन्मानाने पूर्ण झाली की मतदानाचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क मिळतो. मधेच सोडायची असेल तर सोडता येते, कुणी अडवत नाही. मात्र मग मताची संधी कायमची गेली.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण टीकाकार तिच्याकडे अनेकदा दुर्लक्ष करतात. या जगात मत नसलेला माणूस गुलाम नाही. तो व्यापार करतो, श्रीमंत होतो, मनातलं बोलतो. कथेचा नायक जॉनी रिको अशाच एका सधन घरातला मुलगा. त्याचे वडील मोठे उद्योजक आहेत. त्यांना मत नाही आणि त्याची खंतही नाही. मुलगा सेवेत जायचं म्हणतो तेव्हा ते चिडतात. आपल्याकडे मुलाने घरचा धंदा सोडून भलतंच काही करायचं म्हटलं की वडील जसे चिडतात, अगदी तसेच.

भरतीच्या कार्यालयात जॉनीला जो सार्जंट भेटतो, त्याला दोन्ही पाय नाहीत आणि एक हातही नाही. त्याला तिथे मुद्दाम बसवलेलं आहे. येणाऱ्या पोराने त्याच्याकडे बघावं, घाबरावं आणि जमत नसेल तर आल्या पावली परत जावं. कामाची वेळ संपली की हाच सार्जंट उत्तम कृत्रिम पाय लावून चालत घरी जातो! शपथ घेतल्यावरही विचार बदलायला अठ्ठेचाळीस तास मिळतात. सेवेचा मोह पडू नये यासाठी सरकार जमेल ते सगळं करतं.

आणि तरीही कुणी आलंच, तर त्याला नाकारायचं नाही. हा या व्यवस्थेचा सगळ्यात महत्त्वाचा नियम. तपासणी करणारा डॉक्टर जॉनीला सांगतो की उद्या एखादा आंधळा माणूस चाकाच्या खुर्चीत बसून आला आणि सेवा करायचीच म्हणाला, तर त्याच्यासाठीही काहीतरी काम शोधावं लागेल, मग ते सुरवंटाचे केस हाताने मोजण्याचं का असेना. मुली तर या सैन्यात आहेतच. अंतराळयानं चालवण्यात त्या मुलांपेक्षा सरस मानल्या जातात. १९५९ च्या पुस्तकात हे वाचून आजही नवल वाटतं.

प्रशिक्षण मात्र जीवघेणं आहे. जॉनीच्या छावणीत दोन हजारांहून अधिक जण दाखल होतात आणि शेवटपर्यंत टिकणारे दोनशेही नसतात. पुढे शत्रूच्या हल्ल्यात जॉनीची आई जाते. मुलाला विरोध करणारे वडील सगळा व्यवसाय मागे ठेवून स्वतः भरती होतात आणि अखेरीस मुलाच्याच हाताखाली सार्जंट म्हणून उभे राहतात. कादंबरीतला हा घरगुती धागा वाचकाला सगळ्यात जास्त हलवतो.

काकांची बाजूही ऐका

हाइनलाइन यांनी हे का लिहिलं? ते स्वतः अमेरिकेच्या नौदलात अधिकारी होते. १९२९ मध्ये ते नौदल अकादमीतून बाहेर पडले आणि क्षयरोगामुळे १९३४ मध्ये त्यांना सेवा सोडावी लागली. १९५८ मध्ये अमेरिकेने एकतर्फी अणुचाचण्या थांबवू नयेत म्हणून त्यांनी वर्तमानपत्रात स्वतःच्या खर्चाने आवाहन छापलं. त्याला प्रतिसाद कमी आणि टीका जास्त मिळाली. आपल्या लोकांना हक्क हवे आहेत, पण त्यांची किंमत मोजायची तयारी नाही, ही बोच त्यांच्या मनात राहिली. हातातलं दुसरं पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी ही कादंबरी लिहून काढली.

त्यांचा मुद्दा आपल्याला पटो न पटो, पण तो उथळ नाही. शाळेत इतिहास आणि नीतिशास्त्र शिकवणारे निवृत्त सैनिक मिस्टर दुबॉइस मुलांना समजावतात की जे फुकट मिळतं त्याची किंमत राहत नाही. पुढे अधिकाऱ्यांच्या शाळेत एक मेजर याहून पुढचा प्रश्न टाकतो. सेवा केलेली माणसं इतरांपेक्षा हुशार असतात का? नाही. जास्त शिस्तीची असतात का? तेही नाही. मग मत त्यांनाच का? त्याचं उत्तर असं, की त्यांनी एकदा तरी स्वतःच्या हितापेक्षा समूहाचं हित वर ठेवून दाखवलं आहे. मत म्हणजे सत्ता. आपल्या एका मतावर कुणावर कर बसतो, कुणी युद्धावर जातो. एवढी सत्ता ज्याच्या हाती द्यायची त्याची थोडी परीक्षा घेतली तर बिघडलं कुठे?

यात एक गंमतही आहे. सेवेत असलेल्या सैनिकाला तिथे मत नाही. ते मिळतं सेवा संपल्यावर. नाहीतर उडी मारायच्या आदल्या दिवशी सगळे मिळून उडी मारायची नाही असंच मतदान करतील!

आपल्या घरातले काका नेमकं हेच म्हणत असतात, फक्त कमी शब्दांत. भर रस्त्यात कचरा टाकणारा, मतदानाच्या सुट्टीला सहलीला जाणारा, पैसे घेऊन मत विकणारा माणूस दिसला की तुमच्याआमच्याही मनात हा विचार येऊन जातो. तो आला म्हणून अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. पण तिथे थांबूही नये.

सिनेमाने उडवलेली खिल्ली

१९९७ मध्ये या कादंबरीवर त्याच नावाचा इंग्रजी सिनेमा आला. दिग्दर्शक पॉल व्हर्होवन यांचं बालपण नेदरलँड्समध्ये नाझींच्या अमलाखाली गेलेलं. गणवेशाचं आकर्षण देशाला कुठे नेतं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी कादंबरी गंभीरपणे न घेता तिची टर उडवली. सिनेमाभर सरकारी जाहिराती झळकत राहतात, सगळे चेहरे सुंदर आणि हसरे, आणि माणसं मात्र किड्यामुंगीसारखी मरतात. एका प्रसंगात भरती झालेली मुलंमुली आपण इथे का आलो ते एकमेकांना सांगतात. एक मुलगी म्हणते की तिला आई व्हायचं आहे आणि सेवा केली की मूल होऊ देण्याचा परवाना लवकर मिळतो. एका वाक्यात सिनेमा मोठी गोष्ट सांगून जातो. हक्क एकदा 'कमवायची' वस्तू झाली की यादी मतापाशी थांबत नाही.

हाइनलाइन यांना दुसरं उत्तर मिळालं ते एका खऱ्या सैनिकाकडून. जो हाल्डमन व्हिएतनामच्या युद्धात लढले, जखमी झाले आणि परत येऊन त्यांनी १९७४ मध्ये 'द फॉरेव्हर वॉर' ही कादंबरी लिहिली. तिच्यात सैनिक प्रकाशाच्या वेगाजवळ प्रवास करतात. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातले काही महिने जातात तेव्हा पृथ्वीवर कित्येक दशकं, कित्येक शतकं उलटलेली असतात. परत आलेल्या नायकाला आपला देश, आपली भाषा, आपली माणसं काहीच ओळखीचं वाटत नाही. हजार वर्षांहून अधिक चाललेलं ते युद्ध मुळात गैरसमजातून सुरू झालं होतं, हे शेवटी कळतं. हाइनलाइन यांचा सैनिक सेवेतून नागरिक होतो. हाल्डमन यांचा सैनिक सेवेतून आपल्याच घरात परका होतो. या कादंबरीलाही ह्यूगो पुरस्कार मिळाला. दोन्ही पुस्तकं एकापाठोपाठ वाचली तर तो जुना वाद आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो.

दोन मुलं वाढवा, एक मत जादा

मत कमवण्याची कल्पना फक्त सैन्याशीच जोडलेली नाही. इंग्रज लेखक नेव्हिल शूट यांनी १९५३ च्या 'इन द वेट' या कादंबरीत भविष्यातला ऑस्ट्रेलिया रंगवला. तिथे प्रत्येकाला एक मत आहेच, पण लायकीप्रमाणे सातपर्यंत मतं मिळवता येतात. एक शिक्षणाचं, एक परदेशात राहून पोट भरल्याचं, एक भरपूर कमाईचं, एक चर्चच्या कामाचं आणि सातवं राणीच्या मर्जीचं. यातलं एक मत आपल्यासारख्या घरगुती वाचकांना थांबवून विचार करायला लावतं. घटस्फोट न घेता दोन मुलं चौदा वर्षांची होईपर्यंत वाढवली की एक मत जादा!

वाचताना आधी बरं वाटतं. चला, संसाराची किंमत कुणालातरी कळली. मग हळूहळू प्रश्न सुचू लागतात. जिला मूल झालं नाही तिचं काय? मार खाऊन, सहन करून शेवटी जी नवऱ्यापासून वेगळी झाली आणि एकटीने दोन लेकरं वाढवली, तिचं मत कापणार? आणि नांदवण्याचा त्रास ज्याने दिला त्याचं एक मत शाबूत? अट चांगल्या हेतूने घातली होती. पण अट घालणाऱ्याने घर जसं पाहिलं तसंच घर त्याने सगळ्यांचं धरून चाललं.

इतिहासात हे खरंच घडलं

तुम्ही म्हणाल, ही झाली कादंबऱ्यांची गोष्ट. पण मत आणि सैन्य यांची सांगड प्रत्यक्षातही घातली गेली आहे.

पहिलं महायुद्ध चालू असताना १९१७ मध्ये कॅनडाच्या सरकारने कायदा केला आणि आघाडीवर गेलेल्या सैनिकांच्या बायका, विधवा, आया, बहिणी आणि मुलींना मत दिलं. त्याच कायद्याने शत्रुदेशांतून येऊन नंतर कॅनडाचे नागरिक झालेल्या अनेकांचं आणि धर्माने किंवा विवेकाने युद्ध नाकारणाऱ्यांचं मत काढून घेतलं. समोर निवडणूक होती आणि मुद्दा होता सक्तीच्या सैन्यभरतीचा. भरतीला पाठिंबा देतील अशी मतं वाढली, विरोध करतील अशी मतं कमी झाली. सरकार निवडून आलं.

ब्रिटनमध्ये १९१८ च्या कायद्याने युद्धावर गेलेल्या तरुणाला एकोणिसाव्या वर्षी मत मिळालं. बाईला मात्र तिशी उलटल्याशिवाय आणि मालमत्तेची अट पुरी केल्याशिवाय मत नाही. दारूगोळ्याच्या कारखान्यांत जीव धोक्यात घालून राबलेल्या मुलींपैकी बहुतेक तिशीच्या आतल्या होत्या. युद्धाला नकार देणाऱ्यांचं मत पाच वर्षांसाठी गेलं. बेल्जियममध्ये युद्धानंतर सर्वसाधारण स्त्रियांना संसदेसाठी मत दिलं नाही, पण युद्धात पडलेल्यांच्या विधवांना आणि आयांना दिलं. म्हणजे तिथे बाईचं मत तिच्या घरातल्या मरणावर अवलंबून होतं.

कधीकधी ही सांगड चांगल्या कामीही आली आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेतल्या तरुणांनी विचारलं, अठराव्या वर्षी लढायला पाठवता, मग मत एकविसाव्या वर्षी का? १९७१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन तिथे मताचं वय अठरा झालं. पण यातला फरक पाहा. इथे सैनिकाचं उदाहरण देऊन दार सगळ्यांसाठी उघडलं गेलं, सैनिक नसलेल्यांसाठी बंद केलं गेलं नाही.

आणि सेवा केली म्हणून हक्क मिळतोच असंही नाही. मेडगर एव्हर्स हा कृष्णवर्णीय अमेरिकन तरुण दुसऱ्या महायुद्धात युरोपात सैन्यात होता. परत आल्यावर १९४६ मध्ये मिसिसिपी राज्यातल्या आपल्या गावी तो मतदानाला गेला, तेव्हा बंदुका घेतलेल्या गोऱ्या जमावाने त्याला परतवून लावलं. पुढे तो नागरी हक्कांच्या चळवळीतला मोठा कार्यकर्ता झाला आणि १९६३ मध्ये त्याची हत्या झाली. कृष्णवर्णीयांच्या मताला खरं संरक्षण देणारा कायदा यायला १९६५ उजाडलं.

आता कादंबरीच्या नायकाकडे परत या. जॉनी रिकोची मातृभाषा टागालोग आहे, म्हणजे तो फिलिपिनो वंशाचा आहे, हे हाइनलाइन अगदी शेवटी सहज सांगून टाकतात. गोऱ्या नायकांच्या त्या काळात ही मोठी गोष्ट होती. पण त्या पुस्तकाच्या तेरा वर्षं आधी, १९४६ मध्ये, अमेरिकेच्या संसदेने एक कायदा केला होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हुकमाखाली लढलेल्या दोन लाखांहून अधिक फिलिपिनो सैनिकांना निवृत्त सैनिक म्हणून देऊ केलेले बहुतेक लाभ त्या कायद्याने काढून घेतले. कादंबरीत सरकार दिलेला शब्द पाळतं. प्रत्यक्षातल्या जॉनींना वेगळा अनुभव आला.

आपल्या मातीतली परीक्षा

आता आपल्याकडे येऊ. मत कमवण्याची पद्धत भारतात होऊन गेली आहे, हे अनेकांना माहीत नसतं. इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्याप्रमाणे प्रांतांच्या निवडणुकीत मत मिळायचं ते कर, मालमत्ता किंवा शिक्षणाच्या अटीवर. आणि हो, सैन्यातून निवृत्त झालेल्या शिपायालाही मत होतं. सैनिकाच्या निवृत्तिवेतन मिळणाऱ्या विधवेला आणि आईलाही होतं. इतकं करून मतदार झाले सुमारे तीन कोटी. बाकीच्या कोट्यवधी प्रौढ माणसांना देशाचं बरंवाईट ठरवण्यात वाटा नव्हता.

इथे कादंबरीतला तो सगळ्यात महत्त्वाचा नियम आठवा. जो येईल त्याला सेवेत घ्यायचंच, कुणालाही नाकारायचं नाही. हाइनलाइन यांची सगळी इमारत या एका नियमावर उभी आहे. प्रत्यक्षात हा नियम टिकतो का?

मुंबई इलाख्याच्या सैन्यात महार समाजाचे शिपाई पिढ्यान्‌पिढ्या होते. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा स्तंभ त्याची साक्ष देतो. पण १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी काही जाती 'लढवय्या' ठरवल्या, काही नाही, आणि महारांची भरती बंद केली. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी रक्त सांडलं त्यांना एका फर्मानाने सांगितलं गेलं की तुम्ही लढणारे नाही. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडली गेली. आजची महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ मध्ये, पुन्हा महायुद्धाच्याच काळात. मत सैन्यसेवेवर अवलंबून, आणि सैन्याचं दार जातीवर! सेवा करायची इच्छा होती, लायकी सिद्ध झालेली होती. नव्हता तो फक्त दार उघडणाऱ्याचा होकार.

याच काळात महूच्या छावणीत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी १८९१ मध्ये एक मुलगा जन्मला. सैनिकाचा हा मुलगा मोठा झाल्यावर मताबद्दल काय म्हणाला, हे पाहण्यासारखं आहे. सैनिकांच्या मुलांना आधी मत द्या, असं तो म्हणाला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मताच्या अटी शिथिल करण्याची बाजू मांडली आणि १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे थेट प्रौढ मताधिकार मागितला. साक्षरतेच्या अटीबद्दल त्यांचा मुद्दा बिनतोड होता. आधी माणसाला शाळेपासून दूर ठेवायचं आणि मग तू शिकलेला नाहीस म्हणून मत नाकारायचं, हा कुठला न्याय? मत देणं हेच मुळी एक शिक्षण आहे, असंही त्यांचं मत होतं.

घटनेच्या कलम ३२६ ने हा प्रश्न निकाली काढला. प्रौढ आहात, नागरिक आहात, मत तुमचं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते आणि त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणून चिन्हं आली. त्या वेळच्या मतदार याद्यांची एक हकीकत मनाला लागते. सुमारे अठ्ठावीस लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख त्यांनी दिली. परीक्षा कोणतीच नव्हती, फक्त स्वतःचं नाव सांगायचं होतं, आणि तेवढंही कित्येकींना जमू दिलं गेलं नाही. त्यांच्यापुढे कर, पदवी किंवा दोन वर्षांच्या सैन्यसेवेची अट ठेवली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करा.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर

म्हणून काकांना नम्रपणे विचारावं, परीक्षा ठेवू या, पण पेपर कोण काढणार? जो पास झाला तोच पुढचा पेपर काढणार असेल तर नापास झालेल्याने दाद कुठे मागायची? नियम बदलायचा तर मत हवं, आणि मत नाही म्हणूनच तर तो बाहेर उभा आहे. हाइनलाइन यांच्या जगात इतिहास आणि नीतिशास्त्राचा तो विषय शिकवण्याचा हक्कही सेवा केलेल्यांनाच आहे. ही व्यवस्था उत्तम चालते, असं मुलांना सांगणारे सगळे तिचेच लाभार्थी. दुसरी बाजू मांडायला वर्गात कुणी नाही.

आणि सेवा म्हणायचं तरी कशाला? सीमेवर उभा असलेला जवान देशाची सेवा करतो, यात शंका नाही. आपल्याकडे त्याला निवृत्त होईपर्यंत थांबावं लागत नाही. तो तैनातीवर असतानाच टपालाने मत देऊ शकतो. पण पहाटे रस्ता झाडणारी बाई, वाडीवस्तीवर लस पोचवणारी आशाताई, शेतकरी, चाळीस वर्षं सगळ्यांना जेवू घालून शेवटी जेवायला बसलेली तुमची आजी, यांची सेवा कोणत्या रजिस्टरात नोंदवायची? आजीच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे, की ज्या मोजपट्टीत आजी बसत नाही, तिच्यात खोट मोजपट्टीची आहे.

तरीही हाइनलाइन यांचं पुस्तक मिटून ठेवू नका. त्यांचा प्रश्न खरा आहे. या देशाकडून मी एवढं घेतो, मग मी देतो काय? फक्त तो प्रश्न मतदान केंद्राच्या दारात दुसऱ्याला विचारायचा नसतो. मत देऊन आल्यावर, बोटावरच्या शाईकडे बघत, स्वतःला विचारायचा असतो.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे सत्त्याण्णव कोटी मतदारांपैकी चौसष्ट कोटींच्या आसपास लोकांनी मत दिलं. म्हणजे तिघांपैकी एक जण गेलाच नाही. त्यात पत्ता बदलला म्हणून राहून गेलेलेही असतात. नोकरीसाठी इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू असं गाव बदललं की गॅसचं कनेक्शन आणि मुलांची शाळा आपण आठवणीने बदलतो. मतदार यादीतलं नाव मात्र जुन्याच गावी राहतं. पत्ता बदलायला फॉर्म ८ भरायचा असतो. घरातलं कुणी अठरा वर्षांचं झालं असेल तर त्याच्यासाठी फॉर्म ६. दोन्ही घरबसल्या ऑनलाइन भरता येतात.

पुढच्या निवडणुकीच्या संध्याकाळी ही चर्चा तुमच्या घरी पुन्हा निघेल, तेव्हा काकांना जॉनी रिकोची गोष्ट जरूर सांगा. आणि त्या दिवशी सकाळी मतदानाला जाताना आजीला सोबत न्यायला विसरू नका.